काचेवरचे युद्ध

युद्धाचा पहिला फोटो कोणी काढला, या प्रश्नाला एका नावात उत्तर देता येत नाही. १८४६ ते १८४८ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात झालेल्या युद्धातले काही डॅगरोटाइप, म्हणजे सुरुवातीच्या पद्धतीचे फोटो, आज उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर काढणाऱ्याचे नाव नाही. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातले डॉक्टर जॉन मॅकॉश दुसऱ्या शीख युद्धाच्या वेळी पंजाबात आणि पुढे ब्रह्मदेशात कॅमेरा घेऊन वावरत होते. मुलतानचा दिवाण मूलराज आणि बालवयातला महाराजा दलीपसिंग यांचे फोटो त्यांनी काढले. बुखारेस्टचा चित्रकार कारोल साथमारी क्रिमियाच्या युद्धाच्या आरंभीच डॅन्यूबच्या आघाडीवर पोहोचला होता. मुलांसाठी लिहिताना मात्र लेखकाला एक नायक लागतो. म्हणून पहिलेपणाचा मान सहसा इंग्लंडच्या रॉजर फेंटनला किंवा अमेरिकेच्या मॅथ्यू ब्रेडीला देऊन टाकला जातो. मग गोष्ट ठरल्या वाटेने चालू लागते : धाडसी माणूस, अवजड कॅमेरा, तोफांचा मारा आणि शेवटी जगाला दिसलेले युद्धाचे खरे रूप. या पुस्तकाने ती वाट सोडली आहे. ती का सोडावी लागली, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या विषयावरचे मुलांचे पुस्तक छायाचित्रकाराच्या शौर्यापासून सुरू न होता फोटो तयार होण्याच्या कृतीपासून सुरू व्हावे, प्रत्येक फोटो तपासून घ्यायला त्याने शिकवावे आणि त्या फोटोंतली मांडामांड मुलांपासून लपवू नये.

इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, या विषयाच्या आसपास मुलांसाठी बरेच काम झाले आहे. रसेल फ्रीडमन यांनी १९८७ मध्ये अब्राहम लिंकन यांचे चरित्र फोटोंच्या आधारे लिहिले आणि १९८८ मध्ये त्याला न्यूबेरी पदक मिळाले. जिम मर्फी यांनी १९९० मध्ये यादवी युद्धात लढलेल्या अल्पवयीन मुलांवर पुस्तक केले. जेनिफर आर्मस्ट्राँग यांचे २००५ चे पुस्तक तर ‘फोटो बाय ब्रेडी’ याच नावाचे आहे. अशा पुस्तकांमुळे एक गोष्ट सिद्ध झाली : जुना फोटो हा मजकुराशेजारची रिकामी जागा भरण्याचा ऐवज नसतो; मूल त्याच्यापाशी थांबते, त्याच्याकडे निरखून बघते आणि प्रश्न विचारते. आपल्याकडे मुलांसाठीच्या इतिहासलेखनावर थोरांच्या चरित्रांचा पगडा मोठा. त्या साच्यात फोटोचे काम एवढेच, की चरित्रनायक दिसायला कसा होता ते कळावे. फोटोलाही स्वतःचे एक चरित्र असते, तो कोणीतरी, कोणाच्या तरी पैशाने, काही अडचणींतून वाट काढत घेतलेला असतो, हा विचार त्या साच्यात बसत नाही. युद्धाच्या आरंभीच्या फोटोंइतका तो विचार शिकवायला सोयीचा विषय दुसरा क्वचितच सापडेल, कारण त्या काळी एकेका फोटोमागची खटपट मोजता येण्याजोगी आणि मुलाला समजण्याजोगी होती.

ती खटपट आधी नीट पाहू. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली आणि पुढची तीसेक वर्षे तिचेच राज्य होते. कापसावर नायट्रिक आणि गंधकाम्लाची प्रक्रिया केली की गनकॉटन नावाचा ज्वालाग्राही पदार्थ मिळतो. तो ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखा दाटसर द्रव होतो, तोच कोलोडियन. सुरुंगात भरता येईल असा पदार्थ, शल्यवैद्य जखमेवर लावत तो पातळ लेप आणि फोटोची काच यांचे मूळ असे एकच आहे. छायाचित्रकार स्वच्छ काचेवर हा द्रव ओतून काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत असे, म्हणजे सगळीकडे सारखा थर बसे. मग अंधाऱ्या जागेत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच बंद चौकटीत घालून कॅमेऱ्यापाशी न्यायची, काही सेकंद प्रकाश द्यायचा आणि पुन्हा अंधारात धाव घेऊन ती धुवून चित्र उमटवायचे. थर वाळला की काच निकामी. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणून छायाचित्रकाराला आपली अंधारी खोली रणांगणावर सोबत न्यावी लागे. फेंटनने त्यासाठी दारूच्या एका व्यापाऱ्याची घोडागाडी विकत घेऊन तिची प्रयोगशाळा केली होती. १८५५ च्या मार्चमध्ये तो क्रिमियातल्या बालाक्लावा बंदरात उतरला तेव्हा त्याच्यासोबत सुमारे ७०० काचा आणि ३६ पेट्या सामान होते. दिवस तापू लागले तसे सकाळचे थोडे तास सोडले तर काम करणे अशक्य झाले.

एवढे समजले की मुलांच्या पुस्तकातला सर्वांत मोठा गैरसमज आपोआप गळून पडतो. काही सेकंद प्रकाश लागणाऱ्या काचेवर धावता घोडा उमटत नाही, सुटलेला तोफगोळा उमटत नाही, संगिनीचा हल्लाही उमटत नाही. त्या पिढीच्या फोटोंत आपल्याला दिसतात ते छावण्या, तोफा, बंदरातली जहाजे, स्तब्ध उभे राहिलेले सैनिक, पडझड झालेल्या इमारती आणि मृतदेह, कारण या गोष्टी हलत नाहीत. या फोटोंत लढाई का नाही, याचे पहिले उत्तर रसायनशास्त्रात आहे. दुसरी अडचण छपाईची. त्या काळची वृत्तपत्रे फोटो जसाच्या तसा छापू शकत नसत. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ किंवा ‘हार्पर्स वीकली’चा कारागीर फोटो समोर ठेवून लाकडावर कोरीव चित्र करी आणि वाचकाच्या हाती पडे ते त्या चित्राचे मुद्रण. कागदावरचे मूळ फोटो प्रदर्शनात, दुकानात किंवा महागड्या संग्रहांत दिसत. म्हणजे ‘फोटोमुळे जगाला युद्ध दिसले’ हे विधान निम्मेच खरे आहे. मुलाला ते तसे निम्मे करूनच सांगायला हवे.

आता फेंटनच्या सर्वांत प्रसिद्ध फोटोकडे वळू. २३ एप्रिल १८५५ रोजी त्याने सेव्हास्तोपोलजवळच्या एका ओसाड घळीत कॅमेरा लावला. सैनिक त्या जागेला मृत्यूच्या छायेची दरी म्हणत. फोटोत माणूस नाही, घोडा नाही. नुसती वळत जाणारी वाट आणि विखुरलेले तोफगोळे. गंमत अशी की त्याच जागेवरून घेतलेले दोन फोटो उपलब्ध आहेत. एकात गोळे वाटेच्या कडेच्या चरात आहेत आणि वाट मोकळी आहे. दुसऱ्यात वाटेवरही गोळे पसरलेले आहेत. कोणता आधीचा? फेंटनने परिणाम साधण्यासाठी गोळे वाटेवर मांडले, असे अनेकांनी गृहीत धरले होते आणि सुसान सॉन्टॅग यांनी २००३ मध्ये तसे लिहिलेही. अमेरिकन माहितीपटकार एरॉल मॉरिस यांना हे गृहीत पुरेसे वाटले नाही. २००७ मध्ये त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून उतारावरच्या लहान दगडांची तपासणी करवली. वाटेवर गोळे असलेल्या फोटोत काही दगड किंचित खाली घसरलेले दिसले. चढावर ये-जा करणाऱ्या पायांनी दगड सरकतो तो खालीच, त्यामुळे मोकळ्या वाटेचा फोटो आधीचा ठरला. गोळे नंतर वाटेवर आले, एवढे त्यावरून सिद्ध होते. ते कोणी आणि कशासाठी हलवले, हे दगड सांगत नाहीत. पुन्हा वापरण्यासाठी गोळे गोळा करणारे सैनिकही त्या भागात असत. किती सिद्ध झाले आणि किती झाले नाही, यांतला हा फरक दहा-बारा वर्षांच्या मुलाला दोन फोटो आणि एक भिंग देऊन समजावता येतो. याखेरीज आणखी एक गोष्ट. त्याच युद्धातल्या लाइट ब्रिगेडच्या विख्यात घोडदळ हल्ल्याची दरी वेगळी. पण त्या हल्ल्यावरच्या टेनिसनच्या कवितेतल्या ‘मृत्यूच्या दरी’मुळे दोन्ही जागा लोकांच्या मनात एक झाल्या. फोटोखालच्या नावाने बघणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते, हा धडाही याच फोटोत आहे.

फेंटनच्या साडेतीनशेच्या वर फोटोंत मेलेला सैनिक जवळपास सापडत नाही. त्याला पाठवले होते मँचेस्टरच्या ॲग्न्यू या प्रकाशन संस्थेने, हे फोटो विकण्यासाठी. राजघराण्याचा आशीर्वादही पाठीशी होता. कॉलरा, थंडी आणि गैरव्यवस्था यांनी सैन्य पोखरले होते. ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल ते लिहीत होता आणि फेंटनलाही पुढे कॉलराने गाठले. तरी अधिकाऱ्यांच्या घरी टांगण्याजोगे फोटो वेगळेच असणार, हे उघड आहे. तीनच वर्षांनी फेलिचे बिआतो या व्हेनिसमध्ये जन्मलेल्या छायाचित्रकाराने लखनौच्या सिकंदरबागेत कॅमेरा लावला तेव्हा मात्र पुढच्या अंगणात मानवी हाडे पसरलेली होती. तिथली लढाई झाली १६ नोव्हेंबर १८५७ ला, फोटो १८५८ च्या वसंतातला. झाकलेले अवशेष बिआतोने फोटोसाठी उघडे करायला लावले, असे एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आठवणींत नोंदलेले आहे. १८६० मध्ये चीनमधल्या ताकू किल्ल्यांतही बिआतोने मृतदेह टिपले, तेही चिनी रक्षकांचे. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या यादवी युद्धात १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमची लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ब्रेडीसाठी काम करणाऱ्या अलेक्झांडर गार्डनरने तिथे जे मृतदेह टिपले, त्यांत बहुतांश दक्षिणेच्या सैनिकांचे होते, कारण मैदान उत्तरेच्या ताब्यात होते आणि त्यांनी आपले मृत आधी पुरले. तीन देश, तीन युद्धे आणि तीन वेगळी कारणे. पण कॅमेऱ्यासमोर उघड्यावर राहिले ते मुख्यतः दुसऱ्या बाजूचे मृत. हा आकृतिबंध एकेका फोटोत दिसत नाही, फोटो ओळीने मांडले तरच दिसतो. तसे ते मांडणे हे पुस्तकाचे काम आहे.

त्याच यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईचे प्रकरण याहून नाजूक. जुलै १८६३ मध्ये गार्डनर आणि टिमथी ओ’सलिव्हन यांनी दगडी आडोशामागे पडलेल्या एका तरुण सैनिकाचा फोटो घेतला आणि गार्डनरने १८६६ च्या आपल्या संग्रहात तो दक्षिणेच्या नेमबाजाचे अखेरचे ठिकाण म्हणून छापला. नोव्हेंबरात परत गेलो तेव्हा सांगाडा आणि बंदूक तिथेच होती, असेही सोबत लिहिले. तोवर मृतदेह पुरण्याचे काम होऊन गेले होते आणि आठवणी म्हणून वस्तू वेचणाऱ्यांची तिथे रीघ होती. बंदूक महिनोन्महिने तशीच पडून राहिली असेल, हे पटण्याजोगे नाही. १९६१ मध्ये फ्रेडरिक रे यांच्या लक्षात आले की हाच मृत सैनिक दुसऱ्या जागेवरच्या फोटोंतही आहे. १९७५ मध्ये विल्यम फ्रॅसानितो यांनी जागा शोधून काढून दाखवले की देह सुमारे चाळीस यार्ड हलवून आडोशामागे ठेवला गेला होता. बंदूकही नेमबाजाच्या खास वापरातली नव्हती. तो मुलगा मात्र खरोखर मेलेला होता. त्याच्या मृत्यूला एक गोष्ट चिकटवण्यात आली, अपराध असेल तर तो हा.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येतो की मुलांना मृतदेह दाखवूच नयेत. आक्षेप गंभीर आहे आणि वयाचा विवेक पाळायलाच हवा. पण आपण मुलांना रक्तपातापासून दूर ठेवतो, हे खरे नाही. अफझलखानाचा वध, पावनखिंड, पानिपत हे सगळे आपण लहान मुलांना रंगवून सांगतो आणि दिवाळीच्या किल्ल्यावर त्याचे देखावेही मांडतो. त्या कथांत मृत्यूला पराक्रमाचा अर्थ असतो, म्हणून तो सोसतो. फोटोतल्या मृत्यूला तो अर्थ नसतो आणि मोठ्यांना खरा धाक वाटतो तो त्याचाच. आज युद्धाची दृश्ये मुलाच्या हातातल्या मोबाइलवर न विचारता येऊन पडतात, त्यांना ना संदर्भ असतो ना शेजारी बसलेले मोठे माणूस. त्यापेक्षा पुस्तकाचे पान बरे. तरी तीन पथ्ये पाळावीत : मृताचा फोटो मुखपृष्ठावर नसावा, त्याच्याआधी त्या लढाईची हकिकत यावी आणि लहान वाचकांसाठी फेंटनची निर्मनुष्य दरी पुरेशी मानावी. तिच्यात एकही देह नाही आणि भय मात्र पुरेपूर आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो. फोटो मांडलेले असतात हे शिकवले तर मुले कशावरच विश्वास ठेवणार नाहीत, सगळेच खोटे म्हणतील. अनुभव सांगतो की सगळेच खोटे म्हणणाऱ्या माणसाने बहुधा कधी काही तपासलेलेच नसते. गार्डनरची लबाडी उघडी पडली ती दुसऱ्या फोटोंमुळे, फेंटनच्या फोटोंचा क्रम लागला तो त्याच काचांवर उमटलेल्या दगडांमुळे. फोटोतले खोटे फोटोनेच पकडून दिले, कारण कॅमेरा छायाचित्रकाराच्या इच्छेपलीकडचेही टिपत असतो. साक्षीदाराची उलटतपासणी होते म्हणून न्यायालयात साक्षीला किंमत असते, फोटोचेही तसेच. गेटिसबर्गला देह हलवला गेला म्हणून गेटिसबर्गची लढाई झाली नाही असे ठरत नाही, हे मुलाला सांगावेच लागत नाही. फोटो तपासणाऱ्या मुलाला ते आपोआप कळते.

तिसरा आक्षेप असा की यात मुलांना आदर्श वाटावा असा कोणी उरत नाही. उरतो, फक्त त्याची उंची माणसाएवढी असते. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने रिचर्ड निक्लिन याला दोन सहायकांसह क्रिमियाला पाठवले. नोव्हेंबरच्या वादळात जहाज बुडून ते तिघेही गेले आणि त्यांचे कामही. दरीत जायच्या दिवशी फेंटनचा सहायक मार्कस स्पार्लिंग याने आधी गाडीचा फोटो काढून ठेवा असे सुचवले, कारण गाडी परत येईल याची खात्री नव्हती. गाडीच्या पुढच्या बैठकीवर बसलेल्या स्पार्लिंगचा तो फोटो या पुस्तकात आहे. ब्रेडीच्या नावाने छापलेल्या कितीतरी काचा प्रत्यक्षात गार्डनर, गिब्सन, ओ’सलिव्हन यांनी घेतलेल्या होत्या. स्वतः ब्रेडीची दृष्टी अधू होती आणि या उद्योगात तो कर्जबाजारी झाला. गार्डनरने स्वतंत्र झाल्यावर आपल्या संग्रहात प्रत्येक फोटो कोणी घेतला ते छापले. नेमबाजाची गोष्ट रचणारा माणूसही तोच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर जमा करता येणे, हे मुलाच्या वाढीचेच लक्षण आहे.

उरला प्रश्न, क्रिमिया आणि गेटिसबर्ग मराठी मुलांना कशासाठी. एक उत्तर सिकंदरबागेने दिलेलेच आहे. दुसरे मुंबईत आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे लोक त्या दशकात हा कॅमेरा हाताळत होते. म्हणजे तंत्र आपल्याकडे होते. रणांगणापर्यंत कॅमेरा नेण्याची मुभा आणि फोटो विकण्याची बाजारपेठ जेत्यांकडे होती. तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. बिआतो लखनौत काचा धूत होता त्याच सुमारास तीनेकशे किलोमीटरवर झाशी पडत होती आणि वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातली कत्तल डोळ्यांनी पाहत होते. झाशीच्या त्या दिवसांचा फोटो नाही. गोडसे यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ आहे. पण ते पुस्तकही १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्य यांच्या संपादनाचे संस्कार होऊन आले आणि मूळ संहिता वाचकांपुढे यायला दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती यावी लागली. शब्दांचीही मांडामांड होते. फोटो तपासायला शिकलेले मूल पुढे बखर, रोजनिशी आणि बातमी तपासल्याशिवाय राहणार नाही.

शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती. हे पुस्तक मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. एकेका फोटोपाशी त्याच्यासोबत थांबा, खालचा मजकूर हाताने झाका आणि आधी त्याला काय दिसते ते त्यालाच सांगू द्या. मग कोणी काढला, कोणाच्या पैशाने, त्या काचेला काय टिपता येत नव्हते आणि कोणाचे मृत इथे नाहीत, हे विचारा. एका बैठकीत दोनच फोटो झाले तरी पुष्कळ झाले.